पोटात औषध, अंगभर खिळे

पडद्यावर अंगभर खिळे ठोकलेल्या लाकडी मूर्तीचा फोटो आला तेव्हा मागून कुणीतरी हळूच 'करणी' म्हणालं. युरोपातून काँगोत गेलेल्या पाद्र्यांनाही असंच काहीसं वाटलं होतं. त्यांनी अशा मूर्ती ढिगांनी जाळल्या.

ही मूर्ती काँगो नदीच्या मुखाजवळच्या मुलखातली. नाव 'न्किसी न्कोंदी'. तिथल्या भाषेत 'कोंदा' म्हणजे शिकार करणं. शपथ मोडणाऱ्याचा माग काढून त्याला गाठतो, तो न्कोंदी.

कोरणाऱ्याने लाकूड कोरून दिलं की त्याचं काम संपलं, आणि तोवर ते नुसतं लाकूडच. पुढचं सगळं 'न्गांगा'चं, म्हणजे तिथल्या जाणत्याचं. मूर्तीच्या पोटाशी एक पोकळी असते. तीत तो 'बिलोंगो', म्हणजे औषध, भरतो: नदीकाठची पांढरी माती, थडग्यावरची माती, बिया, नखं. पांढरा हा मेलेल्यांचा रंग. यातल्या कितीतरी वस्तू निव्वळ श्लेषावर निवडलेल्या असतात. 'लुयाला' हे फळ घालायचं, कारण 'याला' म्हणजे सत्ता चालवणं! मग डिंकाने तोंड बंद करून वर आरसा बसवायचा. पाण्यासारखा चकाकणारा तो आरसा म्हणजे या लोकातून त्या लोकात बघायची खिडकी. तुम्हाला प्राणप्रतिष्ठा आठवेल, पण इथे देव कुणी नाही. मेलेल्या माणसाची ताकद कामाला जुंपलेली आहे, आणि काम चुकलं तर तिला खडसावतातसुद्धा.

आता खिळ्यांकडे या. दोन गावांचं भांडण मिटलं, उधारीचा वायदा झाला, चोरीचा आळ आला, की मंडळी मूर्तीपुढे यायची. शपथ घेणारा खिळा जिभेला लावायचा, म्हणजे शब्द कुणाचा हे मूर्तीला कळावं, आणि मग तो ठोकला जायचा. खांद्याजवळ नीट बघा: एका पात्याला चिंधी गुंडाळलीय. तीही ओळखीची खूणच. आपल्या भाषेत, हे नोटरीचं रजिस्टर आहे. छळ वगैरे काही नाही. उलट प्रत्येक ठोक्याने मूर्ती चवताळते आणि कामाला लागते, अशी समजूत. वाद पुरता मिटला की खिळा उपसायचीही रीत होती.

१८७८ साली बोमा या बंदराजवळ अलेक्झांडर डेलकॉम्यून या बेल्जियन व्यापाऱ्याने एका गावावर हल्ला चढवला आणि ने कुको या सरदाराची अशीच मूर्ती उचलून नेली. सरदाराने ती परत मागितली; डेलकॉम्यूनने दिली नाही. शेकडो लोकांच्या शपथा जिच्यात ठोकलेल्या, ती वस्तू हातात असण्याचा अर्थ त्याला चांगलाच कळत असणार. ती मूर्ती आज ब्रसेल्सजवळ टेर्व्हुरेनच्या संग्रहालयात आहे. खिळे अजून तिच्या अंगात आहेत.