हाक मारायच्या आधी

[दृश्य: शिवाजी पेठ, पावसाळी सकाळ. दगडी पायऱ्या, उंबरा, आतलं माजघर.]

कोल्हापूरच्या पेठांमधली जुनी घरं. रस्त्यावरून पायऱ्या चढायच्या, उंबरा ओलांडायचा, माजघरातून मागं जायचं आणि मोरीसाठी पुन्हा एक पायरी उतरायची. पावसाळ्यात शहाबादी फरशीला ओल सुटते, पायपुसणं सरकतं. ऐंशीच्या घरातल्या आज्जी रात्री या वाटेनं एकट्याच जातात. सुनेला हाक मारत नाहीत.

"दिवसभर राबून झोपलीया. कशाला उठवायचं तिला?"

म्हातारी माणसं पडतात, त्यात या भिडेचाही वाटा असतो. घरोघरी जाणाऱ्या सिस्टर त्यावरच काम करतात.

[दृश्य: आज्जींच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा.]

आधी आडवं असताना रक्तदाब मोजायचा. मग उभं करून, तीन मिनिटांच्या आत पुन्हा. वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं उतरला, तर उठताक्षणी डोळ्यांपुढं अंधारी येऊ शकते.

"आज्जी, झटकन उठायचं नाही. पाय खाली सोडून जरा बसा, मग उभ्या राहा."

"बसतो की गं बाई, बसतो."

मग गोळ्यांचा डबा उघडतो. लघवीची गोळी रात्री घेतली की मध्यरात्री उठणं आलंच. त्यात झोपेची गोळी पोटात असेल, तर तोल सांभाळणं आणखी अवघड. गोळीची वेळ सिस्टर स्वतः बदलत नाहीत. डॉक्टरांच्या कानावर घालतात. लुगड्याचा घोळ पायात येतो का, चपलेचा तळ गुळगुळीत झालाय का, मोतीबिंदू वाढलाय का, हेही त्या पाहतात. नुसतं "जपून चाला" म्हटल्यानं कुणाचा तोल सावरत नाही.

[दृश्य: रुग्णालयाचा वॉर्ड, रात्रपाळी.]

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी ६ लाख ८४ हजार माणसं पडून दगावतात. त्यांत साठीपुढची सर्वाधिक. म्हणून अनेक रुग्णालयांत पेशंट दाखल होतानाच मोर्स मोजपट्टीनं पडण्याचा धोका तपासतात. सहा बाबी, जास्तीत जास्त १२५ गुण. गुण जास्त, तितका धोका जास्त. पूर्वी पडलेलं असेल, तर तिथंच २५ गुण.

पलंगाचे कठडे लावले की काम झालं, असं नातेवाइकांना वाटतं. पण गोंधळलेला पेशंट कठड्यावरून चढून उतरू पाहतो आणि आणखी उंचावरून पडतो. त्यापेक्षा पलंग खाली घ्यावा, चाकांचे ब्रेक लावावेत, चष्मा, पाणी आणि बेल हाताशी ठेवावी. आणि ठरावीक वेळानं जाऊन आपणच विचारावं, "बाबा, लघवीला जायचंय का?" हा प्रश्न सिस्टरनं विचारला की बाबांचा संकोच उरत नाही.

[दृश्य: पुन्हा शिवाजी पेठेतलं घर.]

पडलेलं घरात सांगत नाहीत, हीसुद्धा भीडच. सांगितलं तर मोरीपर्यंतचं चालणंही बंद करतील, ही धास्ती. अन् चालणं सुटलं की पायांतली ताकद जाते, मग पडणं आणखी सोपं होतं. म्हणून सिस्टर मुलगा-सून बाहेर असताना विचारतात.

"आज्जी, एवढ्यात कुठं पडला होता का?"

"मोरीत. लागलं न्हाई काही."

"चालणं कुणी बंद करणार नाही. मोरीत धरायला दांडा बसवून घेऊ, वाटेत रात्री दिवा ठेवू. मी बोलते घरात."