तीस सेकंद म्हणजे बत्तीस

[दृश्य: काळोख. रातकिडे. ट्रायपॉडवर एक लाल ठिपका.]

रतनवाडी, अकोले तालुका. जानेवारीतली अमावास्या, रात्रीचे नऊ. पाठीशी रतनगड आहे, पण दिसत नाही. चांदण्या जिथे एकदम संपतात, तिथून गड सुरू झाला असं समजायचं.

समोर अमृतेश्वराच्या देवळाचं शिखर. हात लांब करून वीत ताणली, तर क्षितिजापासून जेमतेम वीतभर उंचीवर ध्रुव सापडतो. जेवढा गावाचा अक्षांश, तेवढीच ध्रुवाची उंची. इथे साडेएकोणीस अंश. उजवीकडून सप्तर्षी वर चढताहेत, डावीकडे शर्मिष्ठा उतरणीला लागलीय. आकाश तासाला १५ अंश फिरतं. आम्हाला दोन तासांचं फिरणं एका फोटोत हवंय.

मग शटर दोन तास उघडंच का नाही ठेवायचं? फिल्मच्या काळात तसंच करायचे. डिजिटल सेन्सर मात्र तापतो, आणि काळ्या आकाशात लाल-निळे दाणे उमटतात. शिवाय उत्तरेला घोटी-इगतपुरीच्या दिव्यांचा उजेड आहे. तो साठत साठत आकाश पिवळंधमक करून टाकतो. म्हणून तीस-तीस सेकंदांचे दोनशेवर फोटो काढायचे आणि कॉम्प्युटरवर एकावर एक रचायचे. प्रत्येक ठिकाणचा सगळ्यात उजळ ठिपका तेवढा राहतो, आणि ठिपक्याला ठिपका जोडून रेघ होते.

[दृश्य: हातातला टायमर, त्याची वायर कॅमेऱ्यात जाताना.]

बटण बोटाने दाबायचं नाही. बोटाचा धक्का फोटोत उतरतो. एकच फोटो असेल तर कॅमेऱ्यातला दोन सेकंदांचा सेल्फ टायमर पुरतो. दोनशे फोटोंना ही वायर लागते. आत तीन तारा आहेत. एक सामाईक, एक फोकसची, एक शटरची. सामाईक तार शटरच्या तारेला टेकली की क्लिक. रिमोटची सगळी करामत एवढीच.

तीस सेकंदांच्या पुढे जायचं असेल तर ‘बल्ब’ मोड. या नावाचा दिव्याशी काही संबंध नाही. जुन्या कॅमेऱ्यांना रबरी नळी असायची आणि तिच्या टोकाला रबरी फुगा. फुगा दाबून धरला तोवर शटर उघडं, सोडला की बंद. फुगा गेला, नाव राहिलं.

आता मागच्या वर्षीची फजिती. याच अंगणात टायमर लावला होता: दर ३१ सेकंदांनी एक क्लिक. तीस सेकंदांचा फोटो, वर एक सेकंद मोकळा. हिशेब चोख. घरी येऊन फोटो रचले, तर आकाशभर धावदोरा! टाका, मोकळी जागा, टाका, मोकळी जागा. फोटोही निम्मेच.

[दृश्य: तुटक तारारेषांचा तो फोटो.]

दोष टायमरचा नव्हता. बहुतेक कॅमेऱ्यांत ‘३०’ असं लिहिलेलं असतं, पण शटर ३२ सेकंद उघडं राहतं. शटरचे वेग दुपटीने वाढतात: १, २, ४, ८, १६, ३२. छापताना मात्र १५ आणि ३० छापायची जुनी रीत आहे. विश्वास बसत नसेल तर मोबाइलवर स्टॉपवॉच लावून बघा. आम्ही बघितलं, उशिरा बघितलं. तर एकतिसाव्या सेकंदाला टायमरने हाक मारली तेव्हा कॅमेरा अजून पहिलाच फोटो घेत होता. हाक वाया गेली. पुढची हाक थेट बासष्टाव्या सेकंदाला. मधले ३० सेकंद शटर बंद, आणि तेवढ्यात आकाशाच्या विषुववृत्तालगतचा तारा चंद्राच्या रुंदीच्या पाव भागाइतका सरकलेला. रेघेत भोक पडायला तेवढं पुरतं.

म्हणून आज ३३. खरं तर याहून सोपी युक्ती आहे: कॅमेरा सलग फोटोंच्या मोडवर ठेवायचा, शटर ‘३०’वर, आणि केबलचं बटण दाबून लॉक करायचं. एक फोटो संपला की लगेच दुसरा. हिशेबच नको. पण टायमरचा हट्ट असलेला माणूस आमच्या टीममध्ये आहे, आणि निवेदनही तोच करतोय.

मेन्यूत आणखी एक सापळा आहे, लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन. हे चालू असलं तर प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ डोळे मिटून एक काळा फोटो घेतो आणि त्यातले दाणे मूळ फोटोतून वजा करतो. एकट्या फोटोला छान. तारारेषांना पुन्हा तोच धावदोरा. बंद.

[दृश्य: वेगवान चित्रण. शिखरामागे तारे फिरताना.]

साडेदहाला लेन्सवर दव. पायातला एक मोजा काढून, टाच कापून लेन्सभोवती चढवला. आत गरम पाण्याची छोटी बाटली. दिसायला वाईट, पण काच कोरडी.

अकरा. २१८ फोटो. प्रत्येक ताऱ्याची ३० अंशांची कमान, कुठेही टाका तुटलेला नाही. आणि बारीक बघा, ध्रुवाचीही छोटीशी कमान आलीय. आकाश ज्या बिंदूभोवती फिरतं, त्या अढळपदापासून तो अर्ध्या अंशाहून थोडा जास्त ढळलेला आहे.

आता लेन्सला झाकण. दाणे वजा करायला लागणारे काळे फोटो आपणच शेवटी एकदम घ्यायचे, सेन्सर अजून तसाच तापलेला असताना. दहा फोटो, साडेपाच मिनिटं. शेजारच्या घरातून चहा येतो. झाकण लावलेला कॅमेरा क्लिक करतोय हे बघून आजोबा विचारतात, “बिघडला का?”