फोटोत टेम्पो दिसतोय, पण वेग कुठाय?

[पहाट. सोलापूर, अक्कलकोट रोड एमआयडीसी. टॉवेलचे गठ्ठे टेम्पोत चढतायत.]

साडेपाच वाजलेत, अजून नीट उजाडलं नाही पण अण्णांचा छोटा हत्ती भरून तयार आहे. टॉवेलचे गठ्ठे, वर ताडपत्री, दोरीच्या गाठी, डॅशबोर्डवर सिद्धरामेश्वरांचा फोटो. अण्णा आधी पॉवरलूमवर होते, वीस वर्षं, कारखाना बंद पडला तेव्हा कर्ज काढून ही गाडी घेतली. अशोक चौकाकडं सगळे त्यांना अण्णाच म्हणतात, आपणही तेच म्हणू, नाव नको असं त्यांनीच सांगितलंय.

तर झालं असं की पावसाळ्यात एके दिवशी मोबाईलवर मेसेज आला. ई-चलान. अतिवेग, कलम १८३, दंड २००० रुपये, जागा पुणे रोड, मोहोळच्या अलीकडं.

अण्णा म्हणतात, "मला वाटलं दुसऱ्या कुणाचं तर माझ्यावर आलंय. भरलेली गाडी हाय ओ, साठच्या पुढं गेली की ताडपत्री फडफडायला लागती, मी कशाला पळवतोय?"

मुलीनं साइट उघडून दिली, गाडी नंबर टाकला, चॅसीचे शेवटचे चार आकडे टाकले, फोटो आला. टेम्पो त्यांचाच, नंबर त्यांचाच. मी तो फोटो तीनदा मोठा करून बघितला. वेगाचा आकडाच नाही त्यात. मर्यादा किती होती ते नाही, मशीन कुठलं ते नाही. गाडीच्या मागून काढलेला एक फोटो आणि खाली दोन हजार.

इथं मला थांबून बोलायचंय, कारण बहुतेक लोक इथंच दंड भरून मोकळे होतात. हेल्मेट नाही, ट्रिपल सीट, सिग्नलला झेब्रा क्रॉसिंगवर उभी गाडी, हे फोटोत दिसतं. वेग फोटोत दिसत नाही. रस्त्याकडेला उभी असलेली गाडी आणि शंभरनं पळणारी गाडी, फोटोत दोन्ही सारख्याच उभ्या.

आणि ही फक्त माझी तक्रार नाही, कायद्यातच आहे ते. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १८३, त्याचं तिसरं उपकलम. एकाच साक्षीदाराचं मत की ही गाडी जोरात होती, एवढ्यावर कुणाला दोषी धरता येत नाही, ते मत यंत्राच्या मोजणीवर आधारलेलं आहे हे दाखवावं लागतं. पूर्वी तिथं फक्त यांत्रिक साधन असं होतं, २०१९ च्या दुरुस्तीत इलेक्ट्रॉनिक हा शब्दपण आला. म्हणजे साहेबांच्या डोळ्यांवर अविश्वास दाखवायचा प्रश्नच नाही, कायदा म्हणतो डोळ्यानं वेग मोजू नका, यंत्रानं मोजा.

[महामार्ग. पिवळ्या उन्हात ट्रक, एसटी, उसाचे ट्रॅक्टर.]

आपण सगळे रडार रडार म्हणतो, पण हायवेवर इंटरसेप्टर गाडीत, म्हणजे पोलिसांच्या वेग तपासणाऱ्या गाडीत, असते ती लेझर गन. ती प्रकाशाचे ठोके गाडीवर सोडते, ते परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढते, आणि अंतर किती झपाट्यानं बदलतंय त्यावरून वेग. तिच्या फोटोवर वेग, मर्यादा, तारीख, वेळ, सगळं छापून येतं. रस्त्याकडेनं तिरकी धरली तर ती खऱ्यापेक्षा थोडा कमीच वेग दाखवते, म्हणजे फायदा ड्रायव्हरचाच. म्हणून मी प्रामाणिकपणे सांगतो, तुमच्या चलानवर असा आकडा असेल आणि तुम्ही खरंच जोरात होता तर भरून टाका. या रस्त्यावर किती घरांचे कर्ते गेलेत ते मोहोळ-टेंभुर्णीकडच्या लोकांना विचारा. वेगाला दंड पाहिजेच, पण मोजलेल्या वेगाला.

अजून एक नियम आहे, केंद्रीय मोटार वाहन नियमातला १६७ए, ऑगस्ट २०२१ मध्ये आला. कॅमेरे आणि स्पीड गन कुठं आणि कशा वापरायच्या ते त्यात आहे, त्यासाठी देशातल्या १३२ शहरांची यादी काढली, त्यात आपलं सोलापूरपण आहे. यंत्राला मंजुरीचं प्रमाणपत्र पाहिजे आणि ते दरवर्षी नवं करायचं. यंत्र बसवलंय तिथं तसा बोर्ड पाहिजे. चलानसोबत फोटो, यंत्रानं मोजलेला आकडा, तारीख-वेळ-जागा, आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र पाहिजे, तेच जे पूर्वी पुरावा कायद्यातलं कलम ६५बी म्हणायचे आणि जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये गेलंय. नोटीस १५ दिवसांत निघाली पाहिजे.

अण्णांच्या चलानवर यातला फोटो होता आणि तारीख-वेळ-जागा होती. बस.

आधी वाहतूक पोलिसांच्या अॅपवर तक्रार टाकली, स्क्रीनशॉट जोडून. उत्तर आलं नाही. मग अर्ज लिहिला, साध्या मराठीत, एका पानाचा, की वेग किती नोंदवला ते सांगा, यंत्राचा नंबर आणि प्रमाणपत्राची प्रत द्या. दोन प्रती घेऊन गेले, एकीवर पोच घेतली. ही पोच फार महत्त्वाची, नुसतं तोंडी सांगून येऊ नका. आणि कार्यालय कुठलं तेपण बघा, शहरातलं चलान शहर वाहतूक शाखेचं, हायवेवरचं महामार्ग पोलिसांचं असू शकतं, अण्णा पहिल्यांदा चुकीच्या दारात गेले आणि अर्धा दिवस वाया गेला.

[घर. अण्णांच्या पत्नी भाकरी थापतायत, अण्णा कागद चाळतायत.]

मग लोकअदालतीची नोटीस आली. हजार भरा, मिटवा. घरात यावरनं बरीच चर्चा झाली, कारण हिशोब अवघड आहे, तारखेला गेलं की दिवसाची खेप बुडते, ती हजारापेक्षा महाग पडते. अक्का, म्हणजे अण्णांच्या पत्नी, म्हणाल्या, "भरून टाका की ओ, किती दिवस ह्याच्या मागं फिरायचं?" त्या चुकीचं बोलत नव्हत्या. पण लोकअदालतीत एकदा मान्य केलं की विषय संपला, तिथल्या निवाड्यावर अपील नाही. अण्णा म्हणाले, "गुन्हा केला असता तर दोन हजार दिले असते. केला नाही तर हजार तरी का म्हणून?"

ते कोर्टात गेले. गुन्हा कबूल नाही म्हणून सांगितलं. टोलचे फास्टॅगचे मेसेज जपून ठेवले होते, सावळेश्वरची वेळ, वरवडेची वेळ, तेपण दिले. यावरून फक्त सरासरी निघते, मधल्या एका क्षणाचा वेग निघत नाही, हे वकिलांनी आम्हाला आधीच सांगितलं होतं, त्यामुळे त्यावर सगळी भिस्त ठेवली नाही. मुद्दा एकच ठेवला, मोजलं कशानं? पहिल्या तारखेला उत्तर नाही. दुसऱ्या तारखेला पुढची तारीख. तिसऱ्या वेळी तोच फोटो पुन्हा समोर आला, मशीनची नोंद काही आली नाही. अण्णा सुटले.

सुटले पण अॅपवर चलान अजून पेंडिंगच दिसत होतं! पासिंग तोंडावर आलेलं. म्हणून आदेशाची नक्कल काढली, अर्ज जोडला, पुन्हा त्याच कार्यालयात गेले, पुन्हा दोन प्रती. खिडकीतल्या बाईंनी वाचलं, शिक्का मारला, एक प्रत परत दिली.

अण्णांनी ती घडी न घालता प्लास्टिकच्या पिशवीत सरकवली, आरसी आणि पीयूसीच्या मागं. घड्याळ बघितलं. साडेअकरा. मोहोळचा माल अजून गाडीतच होता.