पाणी थांबतं तेव्हा

सकाळी चहा ठेवला तेव्हा या खिडकीतून गेटवे ऑफ इंडिया दिसत होतं. आता कुकर लावलाय आणि त्याच खिडकीत घारापुरीचे डोंगर आलेत. आम्ही जागचे हललेलो नाही. भरती लागली, नांगरावरची बोट फिरली आणि तिच्याबरोबर आमचं अख्खं घर फिरलं.

घर म्हणजे ही छत्तीस फुटी शिडाची बोट. ऑक्टोबर ते मे मी आणि माझा नवरा हिच्यावर राहतो, अपोलो बंदरासमोर. टॅक्सीचे हॉर्न इथवर ऐकू येतात, पण दुधाची पिशवी आणायची तर डिंगी वल्हवत जावं लागतं. गोडं पाणी मोजून वापरायचं. खांदेरी बेटाच्या पलीकडे गेलो की भांडी समुद्राच्या पाण्यात घासते, शेवटचं विसळणं तेवढं गोड्या पाण्यात. बंदरातलं पाणी मात्र त्या लायक नाही. खिचडी कुकरमध्येच करायची. मांडव्याची लाँच जवळून गेली की उघडं पातेलं ओट्यावर राहत नाही.

पलीकडच्या बोटीवर काका एकटेच असतात. मूळचे दादरचे, सगळी नोकरी मर्चंट नेव्हीत झाली. एरवी दोन्ही बोटींची तोंडं एकाच दिशेला, मध्ये भरपूर पाणी. पण भरतीची ओहोटी किंवा ओहोटीची भरती होताना पाणी थोडा वेळ थांबतं. तेव्हा आमची जड बोट एकीकडे वळते, त्यांची हलकी दुसरीकडे, आणि दोघींची मागची टोकं जवळ येतात. आमच्या गप्पांची वेळ तीच. ती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, म्हणून भेट कधी पहाटे, तर कधी ऐन फोडणीच्या वेळी.

"काय गं, एखादं लिंबू आहे का?"

मी फेकते, ते झेलतात. एकदा हुकलं. लिंबू पाण्यात पडलं, क्षणभर तिथंच डुललं आणि हळूहळू बंदराच्या आत, भाऊच्या धक्क्याकडे निघालं. काका म्हणाले, "भरती लागली बघ."

जानेवारीतली ती रात्र मी विसरणार नाही. नवरा पुण्याला गेला होता. उत्तरेचा वारा चढला, त्यात उधाणाची ओहोटी, म्हणजे वारा आणि पाणी दोन्ही एकाच बाजूला ओढणारे. साखळीची घरघर तळपायांना जाणवली. नांगर चिखलातून घसरत होता. काका अंधारातून ओरडत होते, "साखळी सोड, अजून सोड!" तेवढ्यात ससून डॉककडे निघालेली एक मच्छीमार बोट आमच्याकडे वळली.

"ताई, दोर घ्या!"

दोर पहिल्याच फेकीत हातात आला. दुसरा नांगर टाकून तो चिखलात रुतेपर्यंत त्या बोटीच्या प्रमुखाने, तांडेलाने, आमची बोट धरून ठेवली. धक्क्यावर उशिरा पोचलं की मासळीचा भाव पडतो, हे त्याला सांगायला नको होतं. तरी तो थांबला. पैसे घेतले नाहीत, उलट जाताना ओंजळभर ओले बोंबील दिले.

याच मुंबईतून १९ ऑगस्ट २००९ रोजी नौदलाचे दिलीप दोंदे 'म्हादेई' या शिडाच्या बोटीवर एकटे पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले आणि १९ मे २०१० रोजी परतले. असं करणारे ते पहिले भारतीय. ते समुद्रावर असताना किनाऱ्यावरून त्यांची व्यवस्था बघणाऱ्यांत अभिलाष टॉमी होते. २०१२ च्या नोव्हेंबरात तीच बोट घेऊन टॉमी इथूनच निघाले, एकटे आणि कुठेही न थांबता. पुढे 'तारिणी' बोटीवरून पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांना दोंदेंनी तयार केलं. "एकट्याने" हा शब्द मी ऐकते तेव्हा मला किनाऱ्यावर जागणारी माणसं आठवतात.

आता मे लागलाय. पावसाच्या आत आमची बोट काठावर चढेल. बुडाला धरलेली कालवं खरवडायची आहेत. काका उद्या पहाटे ओहोटीवर कोचीला निघतात.

तो दोर अजून आमच्याकडेच आहे. परत द्यायला गेले तर तांडेल म्हणाला, "राहू द्या ताई, लागंल."

काकांसाठी लिंबाचं लोणचं भरलंय. पाणी थांबायला अजून वीस मिनिटं आहेत. बरणी काही फेकता येणार नाही. ती पिशवीत घालून त्याच दोराला बांधलीय, आणि दुसरं टोक मी त्यांच्याकडे फेकणार आहे.