बदलीवर आलेला माणूस

(नागपुरात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

बसा, राजेहो. मागे उभे आहेत त्यांनीही या, पुढे खुर्च्या रिकाम्या आहेत. पत्रिकेवर ‘कंडक्टरची कारकीर्द’ असं छापल्यामुळे एसटीतले एक निवृत्त काका पहिल्या रांगेत येऊन बसलेत. मी दारातच त्यांना खरा प्रकार सांगितला. ते म्हणाले, “आता आलोच आहे तर ऐकतो. पगार बरा असते का त्यांचा?” काका, बरा असते.

दुसरी पंचाईत ‘ऑर्केस्ट्रा’ या शब्दाची. आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हणजे गणपतीचा मांडव, जुनी फिल्मी गाणी आणि दोन गाण्यांच्या मधे शिळे विनोद सांगणारा निवेदक. मी बोलतोय तो ऐंशी-नव्वद वादकांचा ताफा, आणि आपल्याकडे पाठ करून, हातातल्या काडीने त्यांना चालवणारा एकटा माणूस. तोच हा कंडक्टर, म्हणजे संचालक. सगळ्या सभागृहात आवाज न करणारा तेवढाच. त्याच्याबद्दल माझं एक लाडकं मत आहे: हा माणूस बहुतेकदा बदलीवर येतो. आधी दुसरा कुणी आजारी पडावा लागतो.

हे मत मी पुस्तकातून नाही, कस्तुरचंद पार्कावरून उचललं. शाळेच्या बँडमध्ये मी साइड ड्रम वाजवायचो. २६ जानेवारीच्या संचलनाला दोन दिवस उरले आणि आमच्या बँडमास्तरांना हिवताप झाला. रुपेरी मुठीचा तो लांब दांडा कुणाकडे द्यायचा? पीटीचे सर म्हणाले, सगळ्यात उंच पोट्टा कोण? झालं. संगीताशी माझी पात्रता एवढीच, साडेपाच फूट.

दांडा उचलायचा कसा हे मला येत होतं. मास्तर तो उचलतात कधी, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. माझी नजर कायम पुढच्या पोट्ट्याच्या मानेवर! थांबायची जागा आली, मी नेमक्या ठोक्यावर दांडा खाली आणला. पुढचे बासरीवाले थांबले. मागच्या ड्रमवाल्यांना ते कळेपर्यंत त्यांची दोन पावलं पडून गेली होती. ड्रम बासऱ्यांवर चढले, बिगुलवाले ड्रमवर. एका पोट्ट्याची टोपी उडाली, ती उचलायला तो वाकला आणि त्याच्या मागचा त्याच्यावरून... जाऊ द्या. आमच्या आईने ते प्रेक्षकांतून पाहिलं. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, “वाजवत होता ते बरं होतं.”

पुढे मास्तरांनी समजावलं. सम आली की हात करायचा नसतो, समेच्या आधीच्या मात्रेला करायचा असतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. तीस मीटर मागे उभ्या असलेल्याला तो सेकंदाच्या अकराव्या भागाने उशिरा ऐकू येतो. कानावर विसंबलात की फसलात, म्हणून समोर दिसणारा हात हवा. आणि त्या हाताला पुढचं सगळं आधीच पाठ असावं लागतं.

दांड्यावरून आठवलं. फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या दरबारातला संगीतकार लुली असाच लांब दांडा जमिनीवर आपटून ताल धरायचा. १६८७ साली राजा दुखण्यातून बरा झाला म्हणून कार्यक्रम होता. दांडा लुलीच्याच पायाच्या बोटावर बसला. जखम चिघळली, पाय कापू देईना, त्यातच गेला. राजा त्यानंतर अठ्ठावीस वर्षं जगला. माझ्या हातून नुसती टोपी गेली होती, हे मी आईला पुढे बऱ्याचदा सांगितलं.

चिठ्ठी आली. ‘दहा मिनिटे.’ म्हणजे पाचच समजायची. कारकीर्द राहिलीच की!

भराभर सांगतो. १८८६, ब्राझीलमधलं रिओ दि जानेरो. इटलीहून आलेली ऑपेरा मंडळी, म्हणजे गाण्यातून नाटक करणारे; ‘आयदा’ या ऑपेराचा प्रयोग. संचालक आधीच सोडून गेलेला, बदलीवाल्याला लोकांनी हुर्यो करून पळवलं. चेलो, म्हणजे बसून वाजवायचं मोठं व्हायोलिन, वाजवणाऱ्या एकोणीस वर्षांच्या पोराला पुढे ढकललं. तोच पुढे गाजलेला संचालक तोस्कानिनी. त्याने अख्खा ऑपेरा पाठ चालवला. गंमत पुढे आहे. १८८७ साली इटलीत मिलानला ‘ओथेल्लो’ या ऑपेराचा पहिला प्रयोग झाला, तेव्हा तो परत चेलो घेऊन वादकांत बसलेला होता. मीही परत साइड ड्रमवर गेलो होतो. आमचं साम्य इथे संपतं.

दुसरा संचालक माहलर, संगीतकारही. त्याने कारकीर्द १८८० साली एका छोट्या गावातल्या उन्हाळी थिएटरात सुरू केली. मग एकेका गावचं थिएटर: लायबाख, ओल्म्युत्स, कासेल, प्राग. लाइपझिगला थोरला संचालक निकिश आजारी पडला तेव्हा जर्मन संगीतकार वाग्नरचं मोठं काम याच्या हाती आलं. १८९७ साली व्हिएन्नाच्या ऑपेरात पोचला. ऑपेराची वाट अशी पायरीपायरीची. आधी पियानोवर बसून गायकांकडून महिनोन्‌महिने घोकून घ्यायचं. काडी फार उशिरा. गायक रंगमंचावर विसरला, घाईत सुटला, तर रंगमंचापुढच्या खड्ड्यात बसलेल्या साठ वादकांना तिथल्या तिथे त्याच्यामागे न्यायचं.

१४ नोव्हेंबर १९४३, न्यूयॉर्कचा कार्नेगी हॉल. ठरलेला संचालक ब्रूनो वॉल्टर, त्याला फ्लू. पंचवीस वर्षांचा बर्नस्टाइन तालमीशिवाय उभा राहिला, रेडिओवरून सगळ्या देशाने ऐकलं.

आणि आपला झुबिन मेहता. मुंबईचा, १९३६चा जन्म, वडील मेहली व्हायोलिनवादक. डॉक्टरकीचं शिक्षण सोडून १९५४ साली व्हिएन्नाला. मोठे संचालक तालमीत काय करतात ते बघायला मिळावं म्हणून तो तिथे कोरसमध्ये गायला. मी मान बघत होतो तेव्हा हा हात बघत होता! लॉस एंजेलिसला १९६१ साली संचालक फ्रिट्झ रायनर आजारी, झुबिन हजर. १९६२पासून तिथल्या ऑर्केस्ट्राचा मुख्य, १९७८पासून न्यूयॉर्कच्या...

काका, मागे पंख्यांची बटणं बंद होताहेत ना? हा हात मला आता ओळखता येतो. थांबतो.