किती बुडालं ते बघा

(उंच काचेचं मोजपात्र. द्रव एकेक करून ओतले जातायत.)

सगळ्यात खाली पारा. त्याच्यावर ग्लिसरीन, मग निळा रंग घातलेलं पाणी, मग तेल, आणि अगदी वर स्पिरिट, म्हणजे अल्कोहोल. पिपेटचं, म्हणजे द्रव सोडायच्या बारीक नळीचं, टोक काचेला टेकवून थेंब थेंब सोडावा लागतो, कारण ग्लिसरीन आणि पाणी एकमेकांत मिसळणारेच आहेत, जरा घाई केली की थर मोडला, या एका शॉटला आमची अख्खी दुपार गेली. आता वरून लोखंडी खिळा सोडलाय. स्पिरिट, तेल, पाणी, ग्लिसरीन, कुठेच थांबला नाही, आणि पाऱ्यावर जाऊन आडवा तरंगला. लोखंडाची घनता एका घनसेंटिमीटरला 7.87 ग्रॅम, पाऱ्याची साडेतेरा. (पारा विषारी आहे, हे शूटिंग लॅबच्या फ्यूम हूडमध्ये, म्हणजे विषारी वाफ ओढून घेणाऱ्या कपाटात केलंय. घरी करू नका.)

तेलावर कॅमेरा परत नेतो. तेल पाण्यापेक्षा घट्ट, ओतलं तर सावकाश येतं, आणि तरी पाण्याच्या वर बसलंय. बोलताना आपण घट्ट आणि जड हे शब्द सरमिसळ करून वापरतो ना, तिथेच गोंधळ होतो. घट्टपणा म्हणजे द्रव वाहायला किती कुरकुर करतो ते. घनता म्हणजे तेवढ्याच जागेत किती वस्तुमान मावलंय ते. दोन्हीचा एकमेकांशी संबंध असायलाच हवा असं काही नाही.

वस्तुमान भागिले आकारमान, हे सूत्र सगळ्यांना पाठ असतं. पण ज्यांनी ते पाठ केलंय त्यांच्यातल्या कितीजणांनी एखाद्या द्रवाची घनता स्वतःच्या हाताने मोजलीय? हा व्हिडिओ त्यासाठीच केलाय.

(हायड्रोमीटर, अगदी जवळून. तळाच्या फुग्यातले शिशाचे छर्रे दिसतायत.)

हा हायड्रोमीटर, द्रवाची घनता मोजायचं साधन. खाली फुगा, त्यात वजन, वर बारीक दांडी, दांडीच्या आत कागदाची पट्टी. बॅटरी नाही, वायर नाही, काही नाही. द्रवात सोडला की तो स्वतःच्या वजनाइतका द्रव बाजूला सारेपर्यंत बुडतो आणि थांबतो, आर्किमिडीजचं तत्त्व ते हेच. हलक्या द्रवात जास्त बुडतो, जड द्रवात कमी, म्हणून पट्टीवर लहान आकडे वर आणि मोठे खाली. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं पट्टी उलटी चिकटवलीय. आता मॅक्रो लेन्सने बघा, वरच्या रेघा लांब लांब आहेत आणि खाली येताना जवळ जवळ होत जातात. छापताना चूक झालेली नाही. बुडणारं आकारमान घनतेच्या व्यस्त प्रमाणात असतं, त्यामुळे घनता जसजशी वाढते तसा तेवढ्याच फरकासाठी हायड्रोमीटर कमी कमी वर सरकतो. आख्खं गणित त्या कागदाच्या पट्टीवर दिसतंय, आणि आम्हाला हे कोणी कधी दाखवलंच नव्हतं.

हे साधन किती जुनं? पाचव्या शतकाच्या सुरुवातीला सायरीनच्या सायनेशियसने आपली गुरू, इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाची गणितज्ञ हायपेशिया, हिला पत्र लिहून असंच एक मागवलंय. बासरीएवढी नळी, तिच्यावर खाचा, तळाशी वजन, असं वर्णन त्या पत्रात आहे. म्हणजे सोळाशे वर्षं.

(हात दांडीच्या टोकाला धरून हायड्रोमीटर सोडतो.)

हात कुठे आहे बघा. दांडीला मध्ये धरायचं नाही, बोटाचं तेल लागलं की काठाशी द्रव नीट चढत नाही. सोडताना हलकीशी गिरकी द्यायची, म्हणजे चिकटलेले बुडबुडे सुटतात. एक बुडबुडा जरी फुग्याला चिकटून राहिला तरी तो हायड्रोमीटरला वर उचलतो आणि आकडा जास्त दाखवतो. मग डोळा पातळीवर आणायचा. काचेलगत द्रव थोडा वर चढलेला असतो, तो आकडा वाचायचा नाही, खालची सपाट पातळी वाचायची. कॅमेरा पण आम्ही तिथेच आणला, टेबलावर आडवं पडून.

आता बाटली. स्पेसिफिक ग्रॅव्हिटी बॉटल, म्हणजे पिक्नोमीटर. बुचाला आरपार केसासारखं भोक आहे. काठोकाठ भरून बूच बसवलं की जास्तीचा द्रव त्या भोकातून बाहेर येतो, तो टिपून घ्यायचा, म्हणजे दरवेळी आत आकारमान तेवढंच. बाटलीवर 25 मिली लिहिलंय त्यावर विसंबायचं नाही. आधी रिकामी तोलायची, मग पाणी भरून तोलायची, पाण्याचं वस्तुमान 20 अंशाच्या पाण्याच्या घनतेने, म्हणजे 0.9982 ने भागलं की बाटलीचं खरं आकारमान हातात. मग आपला द्रव भरायचा.

(बाटली तळहातात धरलेली. बुचावर थेंब फुगतोय.)

हा थेंब! कोणी काही ओतलेलं नाही. नुसत्या तळहाताच्या उबेने आतलं स्पिरिट फुगलं आणि बाहेर आलं. अख्ख्या व्हिडिओतला माझा सगळ्यात आवडता शॉट हाच. म्हणून म्हणतो, तापमान न लिहिता घनतेचा आकडा लिहू नका. पाणी 4 अंशाच्या आसपास सगळ्यात दाट असतं, 20 ला 0.9982, 40 ला 0.9922. स्पिरिट तर 20 अंशाच्या आसपास पाण्याच्या चौपट बदलतं.

आणि मिसळणीचं वेगळंच. 50 मिली अल्कोहोल, 50 मिली पाणी, दोन्ही एकत्र ओतले आणि मोजपात्रात 100 भरत नाहीत, 96-97 च्या आसपासच. दोघांचे रेणू एकमेकांत दाटीने बसतात. म्हणजे मिश्रणाची घनता सरासरी काढून मिळत नाही, ती मोजावीच लागते.

(घनता मोजणारं डिजिटल मीटर. खिडकीतून यू आकाराची काचेची नळी.)

यात तोलणं नाही, बुडवणं नाही. एखाद मिलिलिटर द्रव यू आकाराच्या नळीत भरतात आणि नळी थरथरवतात. द्रव जड तर थरथर संथ, आणि तेवढ्यावरून घनता निघते. असं पहिलं डिजिटल मीटर 1967 साली ऑस्ट्रियातल्या ग्राझमधून आलं. इथे पण वैरी तोच, बुडबुडा, फक्त इथे तो आकडा कमी दाखवतो, म्हणून आधी खिडकीतून बघायचं आणि मगच आकडा घ्यायचा.

आणि हे आकडे लागतात कुठे? बॅटरीतल्या ॲसिडची घनता फुल चार्जला 1.26-1.28 च्या आसपास असते, बॅटरी उतरली की 1.15 च्याही खाली जाते. 1983 साली कॅनडात एका बोइंग 767 चं इंधन लिटरवरून किलोत काढताना लिटरला 0.8 किलोच्या जागी 1.77 हा लिटरला पौंडांचा आकडा धरला गेला, निम्म्याहून कमी इंधनावर विमान उडालं आणि वाटेतच दोन्ही इंजिनं बंद पडली, वैमानिकांनी ते तरंगवत उतरवलं, सगळे वाचले.

(पाण्याचं मोजपात्र गरम पाण्याच्या टबात. हायड्रोमीटर स्थिर.)

हा शेवटचा शॉट फास्ट केलेला नाही. पाणी 20 वरून 60 अंशावर जातंय. पाणी तेच, हायड्रोमीटर तोच. दांडीवरच्या लाल खुणेकडे बघत राहा, ती हळूहळू पाण्याखाली चाललीय.