नकाशा मंजुरीला जाण्याआधी शिल्पकाराला बोलवा

मित्रहो,

आज सभागृहात बांधकाम व्यावसायिक आणि आर्किटेक्ट जास्त आहेत, शिल्पकार थोडे. म्हणून तुमच्या कामापासूनच सुरुवात करते. आपल्या गोव्यात पर्वरी घ्या, फोंडा घ्या, मडगाव घ्या. नवे व्यापारी संकुल उभे राहते तेव्हा शिल्पाची आठवण अगदी शेवटी होते. दुकानांना शटर लागतात, लिफ्ट चालू होते, उद्घाटनाची तारीख ठरते आणि मग कुणाला तरी वाटते, दर्शनी भागात काहीतरी हवे. तोवर ट्रान्सफॉर्मर आणि पार्किंगची वाट यांच्यामधला एक तिरपा तुकडा तेवढा शिल्लक असतो. शिल्पकाराला महिना-दीड महिना मिळतो. तेवढ्यात ब्राँझ होत नाही, दगडही होत नाही, फायबर होते. म्हणून फायबरचा डॉल्फिन येतो आणि दोन-तीन उन्हाळ्यांत त्याचा रंग उडतो. यात पैसे वाया जातात हे खरेच, पण त्या रस्त्याने रोज जाणाऱ्या माणसांना वर्षानुवर्षे ते बघावे लागते, याचे मला जास्त वाईट वाटते.

पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियांचा पुतळा आहे. जाता-येता आपण तो पाहतोच, पण एकदा मुद्दाम थांबून पाहा. मडकईचे रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला हा पुतळा १९४५ साली तिथे उभा राहिला. फारिया मूळचे कांदोळीचे, संमोहनाचे आद्य अभ्यासक. कामतांनी त्यांना हातात ग्रंथ देऊन ताठ उभे केले नाही. दोन्ही हात पुढे ताणलेले आहेत आणि त्या हातांखाली एक स्त्री मागे कलंडली आहे. हात आणि ती स्त्री यांच्यामध्ये फक्त हवा आहे, आणि पुतळ्याचा सगळा जोर त्या हवेतच आहे. तुम्ही बाजूने चालत गेलात की ती मोकळी जागा लहान-मोठी होत जाते. आता कल्पना करा, पाठीमागे मोबाइल कंपनीचा फलक आहे आणि पुढे दुचाकींची रांग. तीच कारागिरी, तेच ब्राँझ, पण दिसणार काहीच नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे की शिल्पाची जागा, पार्श्वभूमी आणि ते पाहायला लागणारे अंतर हे सगळे नकाशातच ठरते. नकाशा मंजूर झाला, खांब उभे राहिले की शिल्पकाराच्या हातात फार थोडे उरते. साधे उदाहरण देते. उठावशिल्पाला तिरपे ऊन लागते. सावली पडली तरच उठाव दिसतो. आपल्याकडे उत्तरेच्या भिंतीवर जवळपास निम्मे वर्ष थेट ऊन येतच नाही. तिथे लावलेले उठावशिल्प सपाट दिसणार. भिंत बांधण्याआधी विचारले असते तर शिल्पकाराने पश्चिमेची भिंत मागितली असती.

विषय मात्र तुम्ही आधी ठरवू नका. ‘गोव्याची संस्कृती दाखवा’ असे सांगितले की नारळ, होडी आणि मांडो नाचणारी जोडी येते, दर वेळी तीच. त्यापेक्षा जागा सांगा. सकाळी इथून कोण जाते, बस कुठे थांबते, शाळेची मुले कुठे बसतात, पावसाचे पाणी कुठून वाहते. मंगेशीचा सात मजली दीपस्तंभ पाहा. तो अंगणाच्या मापाचा आहे, त्याचा उपयोग आहे आणि उत्सवाच्या रात्री दिवे लागले की तो वेगळाच दिसतो. अर्थाची फार काळजी करू नका. दोनापावलचे पांढरे शिल्प युर्सा फॉन लाइस्टनर यांनी १९६९ साली ‘इमेज ऑफ इंडिया’ म्हणून घडवले. लोकांनी मात्र त्यात दोना पावला नावाच्या स्त्रीची प्रेमकथा पाहिली आणि आजही पर्यटकांना तीच सांगतात. मला त्यात काही वावगे वाटत नाही. लोकांनी ते शिल्प आपलेसे केले आहे.

निवड कशी करायची? तीन-चार शिल्पकार बोलवा, प्रत्येकाला जागेवर न्या आणि छोट्या प्रतिकृतीचे पैसे द्या, काम मिळो वा न मिळो. फुकट डिझाइन मागवणे आणि सर्वांत कमी कोटेशन उचलणे हा प्रकार मला अन्यायाचा वाटतो. आल्तिनोच्या कला महाविद्यालयातून शिकून बाहेर पडलेली मुले आपल्याकडे आहेत. दिवाळीच्या आधी वाड्यावाड्यांवर नरकासुराचे जे मोठे पुतळे उभे राहतात, त्यांचे सांगाडे वेल्डिंग करणारी पोरे आहेत. मोठ्या आकाराची भीती त्यांना नाही. त्यांना हवा आहे वेळ, अनुभवी माणसाची देखरेख आणि टप्प्याटप्प्याने मिळणारे पैसे: मातीचे काम मंजूर झाल्यावर एक हप्ता, ओतकामाला एक, बसवल्यावर एक. शेवटचा हप्ता पहिला पावसाळा काढल्यावर द्या.

पावसाळ्याबद्दल थोडे सविस्तर बोलायला हवे. मालवण इथून लांब नाही. राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी महाराजांच्या ३५ फुटी पुतळ्याचे अनावरण झाले आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. पहिलाच पावसाळा. चौकशीत आतल्या सांगाड्याचा गंज आणि सदोष वेल्डिंग समोर आले. त्या दिवशी प्रत्येक मराठी माणसाच्या मनाला चटका बसला. वरून काय दिसते यापेक्षा आत कोणते पोलाद आहे हे आपल्या किनाऱ्यावर आधी विचारावे लागते. सांगाडा आणि बोल्ट ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे घ्या. त्यात मॉलिब्डेनम असते, म्हणून खाऱ्या हवेत ते टिकते. नेहमीच्या ३०४ वर समुद्राजवळ तांबूस डाग येतात. ब्राँझ आतून पोकळ असते, तेव्हा तळाशी पाणी निघायला भोके ठेवा. वस्त्राच्या चुणीत, तळहाताच्या खळग्यात पाणी साचते का, ते मातीचे काम चालू असतानाच मग्याने पाणी ओतून पाहता येते.

आणि चिरा, म्हणजे आपला जांभा दगड, विसरू नका. खाणीतून काढताना तो मऊ असतो, हवा लागली की टणक होतो. त्यात बारीक नाकडोळे कोरता येत नाहीत, पण खोल रेष छान धरतो. उसगाळीमळला कुशावती नदीच्या काठी जांभ्यात कोरलेले बैल आणि ते वर्तुळाकार चक्रव्यूह किती पूर बघून अजून शाबूत आहेत!

शेवटी करारनामा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५७ नीट वाचा. शिल्प तुम्ही विकत घेतलेत तरी त्याची मोडतोड झाली तर शिल्पकार दाद मागू शकतो. दिल्लीच्या विज्ञान भवनातले अमरनाथ सहगल यांचे भव्य ब्राँझचे भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढून गोदामात टाकले गेले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते त्यांना परत द्यायला सांगितले, वर ५ लाखांची भरपाई.

व्यापारी संकुलात याहून अवघड प्रश्न येतो. सगळे गाळे विकून तुम्ही पुढच्या प्रकल्पाकडे जाता. मग शिल्प कोणाचे? विक्रीपत्रात ते सामायिक मालमत्ता म्हणून नोंदलेले नसेल तर दहा वर्षांनी कुणीतरी त्यावर फलक ठोकतो आणि त्याला अडवायचा अधिकार कोणाकडेच नसतो. म्हणून गाळेधारकांच्या संस्थेकडे ते लेखी सोपवा आणि सोबत देखभालीची ठेव द्या. फार नको. वर्षातून एकदा, पाऊस ओसरला की साध्या पाण्याने धुणे, शेवाळ मऊ ब्रशने काढणे आणि ब्राँझवर मेणाचा हात फिरवणे एवढा खर्च तिच्या व्याजातून निघाला पाहिजे. त्यासाठी चौथऱ्यापासून जवळच पाण्याचा एक नळ लागेल. तोही नकाशातच दाखवा.

आता तुमचे प्रश्न घेऊ. ज्यांचे नकाशे अजून मंजुरीला गेलेले नाहीत, त्यांना आधी विचारू द्या.